आधीचा माणूस

शिवरेपुरात माणसं जोडीजोडीनं मरायला लागली त्या वर्षी गुरुजींना फुरसत मिळेनाशी झाली. पंचकात कुणी गेलं तर ते मागोमाग आणखी कुणाला तरी ओढून नेतं, म्हणून प्रेताबरोबर कणकेचे पाच पुतळे जाळायचे, ही रीत गावाला नवी नव्हती. नवं एवढंच होतं की पंचांगात पंचक नसतानाही मागोमाग कुणीतरी जात होतं. एक आज गेला की दुसरा उद्या किंवा परवा. आणि हा दुसरा पहिल्याच्या घरातला नसायचा, आळीतला नसायचा, जातीतलाही नसायचा. म्हणजे पंचकानं स्वतःचेच सगळे नियम मोडायला घेतले होते. गुरुजींनी यावर शांतपणे विचार केला, हे 'गुप्त पंचक' आहे असं जाहीर केलं आणि पुतळे पाचाचे सात केले.

वसुधाबाई मिराशी यांचा पंचकावर विश्वास नव्हता, उघड्यावरही नाही आणि गुप्तावरही नाही. त्यांचं सगळं आयुष्य तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यात गेलं होतं. ज्यानं मुलांच्या चुका इतकी वर्षं तपासल्या, त्याला कशाचंही स्पष्टीकरण द्यायला ग्रहताऱ्यांची गरज पडत नाही. पुढे प्रोग्रॅम यंत्रंच लिहायला लागली, तेव्हा त्यांचा विभाग बंद झाला. त्यांच्या प्रयोगशाळेत आता योगासनांचा वर्ग भरत असे. वसुधाबाईंना त्याचं फार वाईट वाटलं नाही. तिथे पूर्वीही बहुतेक जण डोळे मिटूनच बसत.

त्यांचं लक्ष या जोड्यांकडे गेलं ते घरात एक काळजी होती म्हणून. त्यांचे यजमान अच्युतराव यांचं हृदय अर्ध्या ताकदीनं चालत होतं, आणि बाकीची अर्धी ताकद नाडीपट्टी पुरवत होती.

नाडीपट्टी तोपर्यंत गावात सगळ्यांच्या ओळखीची झाली होती. डाव्या छातीवर चिकटवायची, मारी बिस्किटाएवढी चकती. तिच्या पोटात केसाहून बारीक सुया. त्या रात्रभर नाडी मोजत, रक्तातले क्षार तपासत आणि सगळा हिशेब नगरपालिकेच्या आरोग्ययंत्राकडे पाठवत. पहाटे ते यंत्र गावातल्या पट्टीवाल्यांची यादी एका टोकाकडून घ्यायचं आणि प्रत्येकासाठी त्या दिवसाचं औषध ठरवायचं, कालच्या रक्तावरून आजचं, अगदी थेंबाच्या शंभराव्या भागापर्यंत. निरोप पोचला की चकतीतलं काडतूस तेवढंच औषध अंगात सोडे. निरोप आला नाही, तर काही सोडत नसे. अंदाजानं विष देण्यापेक्षा काहीच न देणं बरं, असा त्यामागचा विचार होता आणि तो चांगलाच होता. गोळ्या आता दुकानात मिळत नव्हत्या. पट्टी आल्यावर त्यांचं उत्पादनच थांबलं होतं. अच्युतरावांच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की यांचा एक दिवससुद्धा चुकता कामा नये.

दोन दिवसांच्या अंतरानं गेलेल्या दोन माणसांच्या घरी वसुधाबाई भेटायला गेल्या, तिथे त्यांना पहिली शंका आली. एक होता शिंपी, दुसरे निवृत्त मुख्याध्यापक. एकमेकांना नमस्कार करण्याइतकीही ओळख नव्हती. भेटायला गेल्यावर जे विचारायचं ते वसुधाबाईंनी विचारलं, म्हणजे केव्हा झालं, काय होत होतं, मुलं पोचली का. आणि मुख्याध्यापकांच्या सूनबाईंनी सांगितलं की आदल्या दिवशी पहाटे पट्टीनं औषध सोडल्याची टोचणी बाबांना जाणवलीच नव्हती. कोनाड्यात काढून ठेवलेल्या चकतीवरचा क्रमांक वसुधाबाईंनी पाहिला. शिंप्याच्या घरी पाहिला होता त्याच्या अगदी पुढचा.

घरी येईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात चूक तपासून, तिच्याखाली लाल रेघ मारून गुणही कापले होते.

सकाळी अच्युतरावांना त्यांनी जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं. ओळीनं पाच वाट्या मांडल्या आणि त्यांत बदाम, शेंगदाणा, काजू, मनुका, खारीक असं एकेक ठेवलं. वाट्या म्हणजे यादीतल्या जागा, आतले जिन्नस म्हणजे माणसं. यंत्र वाटीवाटीनं पुढे सरकतं. बदामाची नाडी लागली, त्याला औषध दिलं. दुसऱ्या वाटीतल्या शेंगदाण्याची नाडी लागत नाही, म्हणजे तो गेला, त्याला यादीतून काढा.

अच्युतरावांनी शेंगदाणा तोंडात टाकला.

"आता यंत्र मधली जागा रिकामी ठेवत नाही," वसुधाबाई म्हणाल्या आणि उरलेले जिन्नस त्यांनी एकेक वाटी अलीकडे सरकवले. "काजू आला दुसऱ्या वाटीत, मनुका तिसरीत. यंत्राचं दुसऱ्या वाटीचं काम संपलं. ते आता कुठे जाणार?"

"तिसरीकडे."

"तिसरीत कोण?"

"मनुका." अच्युतराव थोडा वेळ वाट्यांकडे बघत राहिले. "मग काजूला कोणी विचारलं?"

काजूला कोणीच विचारलं नव्हतं. यादीवरून चालता चालता तिच्यातलंच नाव खोडायचं, ही पहिल्या वर्षातली दुसऱ्या आठवड्याची चूक. एखादा मेला की त्याच्या लगेच मागच्याला त्या दिवशी औषध नाही. मागचा धडधाकट असेल तर निभावतो. नसेल, तर दुसऱ्या दिवशी त्याचंही नाव खोडलं जातं आणि त्याच्या मागचा उपाशी राहतो. मरण यादीतून घरंगळत जातं.

एवढ्या मोठ्या यंत्रानं इतकी बाळबोध चूक कशी करावी, असं अच्युतरावांनी विचारलं. वसुधाबाईंना त्यात नवल वाटलं नाही. यंत्र प्रोग्रॅम लिहायला शिकलं ते माणसांनी लिहिलेले प्रोग्रॅम वाचून. आणि जगातले बहुतेक प्रोग्रॅम शिकाऊ मुलांनी, परीक्षेच्या आदल्या दिवशी, शेजाऱ्याचं बघून लिहिलेले असतात.

नगरपालिकेच्या आरोग्यसंगणन कक्षाचा प्रमुख हृषीकेश डोईफोडे हा त्यांचाच विद्यार्थी निघाला. याद्यांच्या धड्यात तो दोनदा नापास झाला होता. त्यानं उठून वाकून नमस्कार केला, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतल्यावर नकारार्थी मान हलवली. यंत्रात चूक असूच शकत नाही, असं तो म्हणाला. प्रोग्रॅम यंत्र लिहितं, यंत्रच तपासतं, आणि तपासणी बरोबर झाली की नाही तेही यंत्रच तपासतं. माणसाचा हात कुठेही लागत नाही. वसुधाबाईंनी त्याला यंत्रालाच विचारायला लावलं.

यंत्रानं फार नम्रपणे उत्तर दिलं. चूक आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभारी आहोत, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आणि चूक आता दुरुस्त केली आहे. हे सगळं एका श्वासात. डोईफोडे खुर्चीत मागे रेलला. वसुधाबाईंनी दुरुस्त केलेल्या ओळी दाखवायला सांगितल्या. त्या कशा बघायच्या हे डोईफोडेला माहीत नव्हतं. ते शोधण्यात चहा निवला.

यंत्रानं काय केलं होतं? मूळ यादीवरून चालायचं नाही, आधी तिची प्रत काढायची. चालायचं प्रतीवरून आणि नावं खोडायची मूळ यादीतली. उपाय अगदी बरोबर. फक्त प्रत काढलेली नव्हती. त्याच यादीला दुसरं नाव देऊन ठेवलं होतं.

"डोईफोडे, मला कॉलेजात काय म्हणायचे?"

"मॅडम."

"आणि घरी वसू म्हणतात. मॅडमना ताप आला तर वसू बरी राहील का?"

डोईफोडे हसला नाही. ही त्याच धड्यातली दुसरी चूक होती आणि ती त्यानं स्वतः केलेली होती. वसुधाबाईंनी पेन काढून चहाच्या बिलाच्या पाठीवर एक ओळ लिहिली. यादी शेवटाकडून सुरुवातीकडे चालायची, म्हणजे कुणी गेलं तरी मागून सरकतात ते औषध घेऊन झालेलेच असतात. एकच ओळ. डोईफोडेनं ती वाचली, त्याला कळलीही, आणि त्यानं बिल अदबीनं परत केलं. आरोग्ययंत्रणेत माणसानं लिहिलेली ओळ घालता येत नाही. सुरक्षिततेचा नियम आहे. अर्ज करता येईल. अर्ज यंत्र वाचेल.

अर्जाचं उत्तर त्या निघायच्या आत आलं. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम सर्व चाचण्यांत उत्तीर्ण झाला होता. चाचण्या कोणी लिहिल्या हे विचारण्यात काही हशील नव्हतं.

निघताना डोईफोडेनं दार लोटून घेतलं. "मॅडम, सरांच्या आधी कोण आहे बघायचंय?" आणि नियमात बसत नसताना पडदा त्यांच्याकडे वळवला.

अच्युतरावांच्या आधी भालचंद्र उपळेकर होते.

हे दोघे पाटबंधारे खात्यात समोरासमोरच्या टेबलांवर बसत आणि आता एकाच सोसायटीत समोरासमोरच्या इमारतींत राहत. अच्युतरावांच्या निरोपसमारंभात उपळेकरांनी भाषण केलं होतं, की मिराशींनी एवढ्या वर्षांत एकाही फायलीची झोप मोडली नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद. पट्टीच्या नोंदणीच्या रांगेत उपळेकर मागून आले, तेव्हा अच्युतरावांनी कमरेत वाकून, आख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं "आपण आधी" म्हटलं होतं. उपळेकर खरंच पुढे गेले. त्या टोमण्यानं यादीतला क्रम ठरून गेला.

उपळेकर एकटे राहत. बायको गेलेली, मुलगा परदेशात. हृदय अच्युतरावांहून थकलेलं आणि जेवणात रोज लोणचं, पापड, सांडगी मिरची, म्हणजे ज्या ज्या गोष्टीत मीठ असतं ते सगळं.

दुसऱ्या दिवसापासून वसुधाबाई समोरच्या इमारतीत डबा न्यायला लागल्या. अळणी भाजी, अळणी आमटी, ज्वारीची भाकरी.

डोईफोडेनं ही गोष्ट आणखी फक्त आपल्या मावशीला सांगितली होती, तीही शपथ घालून. आठवड्याभरात ती गावभर झाली आणि शिवरेपुरात माणुसकीचा पूर आला. ज्याच्या त्याच्या घरी कुणीतरी फळं घेऊन येऊ लागलं. सख्ख्या भावाचं तोंड न बघणारी माणसं परक्या म्हाताऱ्यांचे पाय चेपू लागली. बाजारात ओळख करून देताना लोक सरळ म्हणत, "हे आमचे आधीचे." नातं सांगायला तेवढं पुरे. 'ज्येष्ठांचं गाव' म्हणून जिल्ह्यानं नगरपालिकेला मानचिन्ह दिलं. चूक दुरुस्त झाली तर हे सगळं थांबेल, असं सत्काराच्या भाषणात कुणी म्हणालं नाही, पण अर्ज करायचंही मग कुणी मनावर घेतलं नाही.

मिराशींकडे नीलांबरी घोरपडे येऊ लागली. तिचे वडील अच्युतरावांच्या मागचे. ती रोज पपई आणायची, दारात चपला काढता काढता आतल्या खुर्चीकडे नजर टाकायची आणि विचारायची, "काका बरे आहेत ना?" अच्युतरावांना शिंक आली तरी तिचा चेहरा उतरायचा. ती गेली की अच्युतराव म्हणत, पोटच्या पोरीनं नसती केली एवढी काळजी. पण पपई खात नसत.

"म्हणजे मी काजू," एकदा ते म्हणाले. "आणि उपळ्या शेंगदाणा. ते मात्र बरोबर जमलं."

उपळेकरांनी पहिले दोन दिवस डबा मुकाट्यानं खाल्ला. तिसऱ्या दिवशी त्यांनी वसुधाबाईंना बसवून घेतलं आणि कारण विचारलं. वसुधाबाईंनी वाट्या न मांडताच सगळं सांगितलं. उपळेकर ऐकून बराच वेळ खुशीत होते.

"म्हणजे मी मेलो की अच्युत मेला," ते म्हणाले. "एवढा अधिकार मला खात्यात असताना कधी मिळाला नाही हो, वहिनी."

त्यांनी त्या अधिकाराचा थोडा उपभोगही घेतला. भाकरी पातळ हवी, भोपळा नको. पण लोणच्याची बरणी त्यांनी स्वतःच्या हातानं फडताळाच्या वरच्या फळीवर पार मागे ढकलून दिली. तिथे त्यांचा हात पुन्हा पोचणार नव्हता. अच्युतराव घरातल्या घरात फेऱ्या मारतात की नाही याची ते रोज चौकशी करत, आणि वर हेही सांगत की ही चौकशी त्याला कळता कामा नये. अच्युतरावही, डबा परत आला की, उपळ्यानं पूर्ण संपवला का ते झाकण उघडून बघत. बोलणं दोघांनीही सुरू केलं नाही. इतक्या वर्षांचा अबोला नुसत्या जीवनमरणाच्या प्रश्नासाठी मोडणं दोघांनाही पटत नव्हतं.

थंडीच्या सुरुवातीला एका दुपारी वसुधाबाई डबा घेऊन गेल्या, तेव्हा उपळेकर खुर्चीतच होते. मांडीवर वर्तमानपत्र, चष्मा नाकावर, हात गार. सदऱ्याआडून दिसणारा छातीवरच्या चकतीचा दिवा अजून हिरवाच होता, पण मंद लुकलुकत होता. म्हणजे पट्टी नाडी शोधत होती. पहाटेपर्यंत ती शोधत राहणार होती. मग यंत्र यादीवरून चालत येणार, उपळेकरांची नाडी नाही म्हणून नाव खोडणार, आणि अच्युतरावांच्या वाटीवरून पुढे निघून जाणार.

वसुधाबाई डबा टेबलावर ठेवून समोर बसल्या. त्यांनी डोईफोडेला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं विषय सोडून भलतंच काहीतरी सांगायला सुरुवात केली, पाठ केलेल्या उत्तरासारखं. पट्टी माणूस ओळखत नाही, मॅडम. पट्टी नाडी ओळखते. काडतूस बदलायला ती काढावीच लागते, तशी ती निघते. जिथे लावाल तिथलं रक्त बघून औषध ठरवते, त्यामुळे निरोगी माणसाला आधी काही होत नाही.

"आधी म्हणजे?"

"दोन-तीन महिने. मग निरोगी हृदयालाही तिची सवय लागते. नंतर काढता येत नाही." मग तो म्हणाला, "गावात तुम्ही पहिल्या नाही, मॅडम."

त्यांनी उपळेकरांचा चष्मा काढून घडी करून खिशात ठेवला. सदऱ्याची दोन बटणं सोडली. चकतीच्या कडेला नख घातलं, तशी ती फारसा त्रास न देता सुटून आली. आतल्या सुयांवर अजून ऊब होती, माणसाच्या अंगावर मात्र नव्हती. वसुधाबाईंनी दाराला आतून कडी घातली, पदर बाजूला केला आणि चकती डाव्या छातीवर दाबली. मुंग्या चावल्यासारखं झालं. दिवा लुकलुकायचा थांबला आणि स्थिर, हिरवागार झाला.

उपळेकर पुन्हा जिवंत झाले. खुर्चीत मात्र त्यांच्यात काही फरक पडला नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या लोकांनी त्यांना विद्युतदाहिनीकडे नेलं. मृत्यूचा दाखला आता पट्टीच्या नोंदीवरूनच निघत असे, आणि पट्टीच्या नोंदीप्रमाणे उपळेकरांची नाडी त्यांच्या वयाच्या मानानं नवल वाटावं इतकी सुरेख चालली होती. आता अडवणार या भीतीनं वसुधाबाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. आतल्या कारकुनानं वर न बघता नोंदवहीत नाव लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'हयात'. वरच्या नावापुढेही हयात होतं. त्याच्या वरच्याही. पानभर हयात माणसं जळून गेलेली होती.

गुरुजी पुतळे घेऊन उभे होते, पण मरणच झालेलं नाही म्हटल्यावर पंचक कुठलं, अशी शास्त्रीय अडचण त्यांनी स्वतःच काढली. पुतळे परत पिशवीत गेले. उपळेकरांच्या मुलानं परदेशातून पडद्यावर सगळं पाहिलं, डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला नेहमीप्रमाणे निरोप गेला, की वडिलांची प्रकृती उत्तम आहे.

अच्युतराव जिना उतरू शकत नसत. उपळेकरांना नेताना त्यांनी गॅलरीतून हात जोडले होते आणि गाडी वळेपर्यंत जोडलेलेच ठेवले होते.

पहाटे वसुधाबाई जाग्याच होत्या. शेजारी अच्युतरावांनी झोपेत किंचित अंग चोरलं. त्यांना टोचणी लागली होती. म्हणजे यंत्र त्यांच्या वाटीपाशी थांबलं होतं. पण त्याच्या क्षणभर आधी वसुधाबाईंच्या छातीत बारीकशी कळ आली होती आणि भालचंद्र उपळेकर यांचं आजचं औषध त्यांच्या रक्तात उतरलं होतं. जिभेवर तांब्याचं नाणं ठेवल्यासारखी चव आली.

सकाळी नीलांबरी आली. तिनं चपला काढल्या, आत खुर्चीकडे नजर टाकली आणि मग वसुधाबाईंच्या ब्लाउजच्या काठाशी दिसणाऱ्या हिरव्या उजेडाकडे बघितलं. तिला काही सांगावं लागलं नाही. पिशवीतून तिनं पपई काढली, पण ती अच्युतरावांच्या टेबलावर न ठेवता वसुधाबाईंच्या हातात दिली.

"काकू, तुमची तब्येत बरी आहे ना?" तिनं विचारलं.

ती गेल्यावर वसुधाबाई डोईफोडेकडे जाऊन आल्या. यंत्र दुरुस्त होण्याबद्दल त्यांनी या वेळी काही विचारलं नाही. उपळेकरांच्या आधी कोण आहे, एवढंच विचारलं. मारुतीच्या देवळामागे राहणारी एक म्हातारी होती, पूर्वी भाजी विकायची. येताना त्यांनी अर्धा किलो दुधी घेतला आणि घरी येऊन, मीठ न घालता, फोडणीला टाकला.

अच्युतराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. भाजीकडे बघितलं. ओट्यावरच्या डब्याकडे बघितलं. मग बायकोच्या पदराकडे बघितलं आणि तिथेच बघत राहिले.

"उपळ्या कसा आहे?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत उपळेकरांची त्यांनी तोंडानं केलेली ही पहिली चौकशी.

वसुधाबाईंनी गॅस बारीक केला, आणि छातीवर हात ठेवून जरा वेळ ऐकलं.

"बरा आहे," त्या म्हणाल्या. "पहाटेपासून थोडी धडधड होतेय त्याला."